छत्रीवाली बाई, संवाद नाही

विमल, तुझ्या दहाव्याला मी हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. नदीकाठी, एवढ्या माणसांत, तुझ्या नवऱ्यासमोर, गुरुजींसमोर, डोक्यावर काळी छत्री धरून मी खो खो हसले. दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला असं केलं असतं तर लोकांनी मला इंद्रायणीत लोटलं असतं. तुझ्या दहाव्याला तसं काही झालं नाही. काय झालं ते तुला ठाऊक असणारच. तरीही सांगणार आहे, कारण ते मनातून जात नाही आणि असलं काही ऐकवावं असं माणूस तूच होतीस.

आपली ओळख भांडणातूनच व्हायची होती. लोणावळ्याच्या नगरपालिकेच्या शाळेत तू तिसरीला शिकवायचीस, मी चौथीला, मधे लाकडी फळ्यांची भिंत. तुझ्या वर्गातून हसण्याचा असा गोंगाट यायचा की माझी पोरं पाढे विसरायची. एक दिवस चिडून मी तुझ्या दारात आले, तर तू फळ्यासमोर हेडमास्तरांची चाल चालून दाखवत होतीस. एक खांदा वर, एक हात धोतराच्या सोग्याला. मी भांडायचं विसरले ते विसरलेच. नंतर कळलं की हेडमास्तर माझ्या मागंच उभे होते. तू मात्र न थांबता म्हणालीस, "मुलांनो, असं चालावं. पाठ ताठ राहते." त्या दिवसापासून ते खरंच तसं चालायला लागले, आधीपेक्षा जास्त.

मग एका भाद्रपदात तू मला माहेरी घेऊन गेलीस, भाज्याला. गौरीच्या जागराला बायकांनी दार आतून लावून घेतलं आणि सोंगं सुरू झाली. कुणी तलाठी, कुणी सासरा, कुणी हवालदार. धोतरं नेसलेल्या, पटके बांधलेल्या, कोळशानं मिशा काढलेल्या त्या बायकांनी गावातला एक पुरुष शिल्लक ठेवला नाही. तू तर तुझ्या सासऱ्याचं सोंग घेऊन पाटावर बसलीस आणि नुसता घसा खाकरलास, तेवढ्यावर बाया भुईला लोळल्या. परत येताना मळवली स्टेशनवर तू म्हणालीस, "शमे, हसवणाऱ्या बाया गावोगाव आहेत. दार तेवढं लावलेलं आहे." मला शमीमची शमे करणारी तू एकटीच.

ते दार उघडायचं तुझ्या डोक्यात कधी आलं, ते मला पक्कं आठवतं. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये टीव्ही आला होता. एरियल घाटाकडं तोंड करून बांधलं होतं. पण डोंगरांमुळे मुंबईचं चित्र दुहेरी यायचं, दर माणसाच्या शेजारी बोटभर अंतरावर त्याचाच एक फिकट माणूस. दरीतून धुकं वर आलं की त्या फिकट माणसांना जास्तच जोर चढायचा. त्या दिवशी पडद्यावर एक पुरुष लुगडं नेसून बायको झाला होता आणि बायको किती बावळट असते ते दाखवत होता. सगळा हॉल हसत होता. तू हसली नाहीस. म्हणालीस, "याला निऱ्यासुद्धा घालता येत नाहीत. याच्यापेक्षा मी बरं लिहीन."

आणि लिहिलंस. तुझी रीत न्यारी होती. लिहिलेलं आधी मला वाचून दाखवायचीस, दातांत पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडं बघत. मी म्हणायचे, "अगं, तुमच्या चालीरीती मला काय कळणार?" तू म्हणायचीस, "म्हणूनच. रीत ठाऊक नसलेलं माणूस हसलं तर विनोद खरा. बाकीचे सवयीनं हसतात." मी हसले नाही तर पान फाडायचीस. कितीतरी चांगली पानं माझ्या सर्दीपायी फाटली असतील.

मुंबईला आपण दोघी गेलो तो दिवस मी सगळ्यांना सांगत फिरायचे, हसू यावं म्हणून. आता सांगताना हसू येत नाही. टीव्हीच्या इमारतीत शिपायानं आपल्याला बघून विचारलं, "भजनी मंडळ का? खालचा मजला." तू म्हणालीस, "नाही, प्रहसन आणलंय." तो म्हणाला, "मग लेखक कुठायत?" वर साहेबांच्या खोलीत टेबलाभोवती पाच-सहा पुरुष, सिगारेटचा धूर, आणि आपल्याला दाराजवळ दोन स्टुलं. साहेब म्हणजे कार्यक्रमाचे निर्माते. त्यांनी तुझे कागद घेतले आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागले. सगळे हसले, एक जण तर डोळे पुसत होता. वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "छान. मिस्टर लिहितात का?"

"मिस्टर इंजिनं दुरुस्त करतात," तू म्हणालीस. "त्यांना हसायलासुद्धा रजा टाकावी लागते."

त्यावरही ते हसले. मग साहेबांनी चष्मा काढला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बायकांना विनोद कळतो हो. सुचत नाही, एवढंच." तुझे कागद त्यांच्या खणात गेले.

महिनाभरानं इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये आपण ते बघितलं. तुझा शब्द न् शब्द होता. शेवटी पडद्यावर आलं: लेखन आणि निर्मिती, आणि पुढं साहेबांचं नाव. तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "त्यांच्या नावाशेजारी ते धुरकट नाव दिसतंय ना? ते माझं." तेव्हा मी हसले होते. आता त्या वाक्यानं अंगावर काटा येतो.

त्यानंतर असं किती वेळा झालं! मी तुझ्याशी भांडायचे, तुझ्यावर ओरडायचे, की जा, विचार त्यांना, 'माझं नाव का नाही?' एकदा तू विचारलंसही. साहेब म्हणाले, "बाईचं नाव दिसलं की लोक हसायच्या आधी विचार करतात, हसावं की नाही. नुकसान तुमच्याच विनोदाचं." परतीच्या गाडीत बसलो, कर्जत गेलं. गाडी घाट चढायला लागली, बोगद्यात शिरली, आणि अंधारातून तुझा आवाज आला, "शमे, सगळ्यात वाईट काय आहे, ठाऊक आहे? वाक्य चांगलं होतं त्यांचं." उजेडात आलो तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि तुझे डोळे ओले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. तुला ते आवडायचं.

मग आला तो 'कावळा'. तुझं शेवटचं लिखाण. आमच्यात कावळ्याला कुणी काही विचारत नाही, म्हणून तू मला आधी समजावून सांगितलंस. दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला तर गेलेल्याचं मन शांत. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय, मग घरचे एकेक पुढं होऊन वचन देतात, पोरांचं बघू, म्हातारीचं बघू. तरीही नाही आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि तोच पिंडाला लावतात. तुझ्या गोष्टीत गेलेली बाई होती आणि तिला काय हवं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा म्हणतो, पोरीची काळजी करू नको. कावळा येत नाही. दीर घाबरून बांधावरच्या आंब्याची कबुली देतो. येत नाही. चुलतसासू म्हणते, दुधावरची साय मांजरानं नाही, मी खाल्ली. गुरुजी खिशातलं घड्याळ काढून कानाला लावतात, ते बंद पडलेलं असतं. मी पोट धरून हसत होते. आणि मग तू थांबलीस.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं मला माहीत आहे. सांगणार नाही."

त्यावरून आपण शेवटचं भांडलो. त्या पात्रांच्या यादीत तळाशी तू लिहिलं होतंस, 'छत्रीवाली बाई, कडेला उभी. संवाद नाही.' मी म्हटलं, "ही कोण? हिला काढ. टीव्हीवर माणसं कमी लागतात, फुकटची बाई उभी करून काय उपयोग?" तू म्हणालीस, "राहू दे तिला. तिचं काम अजून ठरलं नाही." मी म्हटलं, "मग ठरव, नाहीतर खोड." तू पेन्सिल दातांत धरून माझ्याकडं बघत राहिलीस. नेहमी बघायचीस तशी, पण जरा जास्त वेळ. म्हणालीस, "आधी तू हस, मग सांगते." मी चिडले होते, मी कशाला हसते? पदर झटकून निघून आले.

साहेबांनी 'कावळा' अर्धा वाचला होता आणि त्यांना तो हवाच होता. "शेवट घेऊन या, नावाचं बघू," असं ते म्हणाले होते. पहिल्यांदाच तू अट घातली होतीस: नाव लागणार असेल तर शेवट मिळेल. मी किती खूश झाले होते. पण आपलं ते भांडण मिटायच्या आत तुला कावीळ झाली, आणि दवाखान्यात मी आले तेव्हा तू मला ओळखलं नाहीस. पिवळ्या डोळ्यांनी माझ्या खांद्यामागं कुठंतरी बघत होतीस. मी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

श्रावणात तुझा दहावा आला. तुझं सासर कुरवंड्याचं, त्यामुळे सगळं तिकडचं गणगोत खाली नदीवर जमलं होतं. मी जरा कडेला उभी राहिले. माझी जागा तीच होती. बारीक पाऊस होता, म्हणून छत्री उघडली. नदीवर धुकं इतकं उतरलं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. बाभळीवर तीन कावळे बसलेले होते, भिजून अंग आवळून. पिंड ठेवला. कावळे हलले नाहीत.

गणपतराव पुढं झाले. तुझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर बोलत होता. म्हणाले, "विमल, पोरीची काळजी करू नको." मला रडू आलं. यात नवल काही नव्हतं, सगळेच नवरे हे म्हणत असतील. कावळे बसून राहिले.

मग तुझा दीर दिनकर पुढं आला. हात जोडले आणि एकदम म्हणाला, "वैनी, त्यो बांदावरचा आंबा तुमचाच व्हता. म्या उगा भांडलो. माफी करा."

माझं रडू थांबलं. आंब्याचं खरं असेल, तू घरातलंच लिहिलं असशील, असं मी मनाला समजावत होते. तेवढ्यात हौसाकाकीला दोघींनी धरून पुढं आणलं. तुझी चुलतसासू, पाठीतून वाकलेली, डोळ्यांनी अधू. ती पिंडापुढं बसली आणि म्हणाली, "इमल, आगं ती साय मांजरानं न्हाई खाल्ली. म्या खाल्ली. तू लय बोलली त्या मांजराला." आणि ती रडायला लागली.

सगळे चुळबुळले. हसावं की रडावं, कुणाला कळेना. मला मात्र भीती वाटली, विमल. खरी भीती. कारण पुढं काय आहे ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी गुरुजींकडं बघितलं. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, हलवलं, आणि कानाला लावलं.

धुकं आणखी खाली आलं होतं. माणसं फिकट झाली होती. मला वाटलं, आपण सगळे तुझ्या कागदावर उभे आहोत आणि तू दातांत पेन्सिल धरून पलीकडच्या काठावर बसली आहेस. मग माझं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. हातात छत्री होती, मी कडेला उभी होते, आणि मला संवाद नव्हता.

गुरुजी दर्भ मागायला लागले. दर्भाचा कावळा एकदा लागला की तुझं दार कायमचं बंद, असं मला वाटलं. मी पुढं झाले. कुणीतरी कुजबुजलं, "ह्या कशा काय?" पण हौसाकाकी म्हणाली, "बोलू द्या मास्तरणीला. तिची जिवाची व्हती ती." मी पिंडापासून चार पावलं दूरच थांबले. मला वाटत होतं की उत्तर माझ्याकडं आहे. तुझी इच्छा मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? म्हणून मी अगदी स्वच्छ आवाजात, वर्गात म्हणतो तसं म्हटलं, "विमल, तुझं नाव लागेल. पडद्यावर. मी लावून घेईन."

माणसं बाभळीकडं बघू लागली. कावळे माझ्याकडं बघत होते. एकानं चोच पंखाला पुसली. बाकी काही नाही.

एवढ्या माणसांत मी तोंडघशी पडले होते. आणि मग मला राग आला. भीती कुठल्या कुठं पळाली. मी छत्री झाडाकडं रोखली आणि ओरडले, "मग काय पाहिजे तुला, बये? जिवंतपणी शेवट सांगितला नाहीस, आता मेलीस तरी सांगत नाहीस! मी काय इथं पावसात फुकटची बाई म्हणून उभी आहे का?"

आणि हौसाकाकीच्या नाकातून एक आवाज आला. ती रडत होती, तिनं पदर तोंडात कोंबला, पण तिचे खांदे हलायला लागले. तिच्या शेजारची फुसकन हसली. मग भाज्याच्या तुझ्या माहेरच्या बाया, त्या धोतरवाल्या, मिशावाल्या. एकीनं तुझ्या सासऱ्यासारखा घसा खाकरला, आणि मग काय, बायकांची सगळी रांग कोसळली. हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. दार लावलेलं नव्हतं. पुरुष बघत होते, आणि गणपतराव, रजा न टाकता, डोळे पुसत हसत होते. आणि मी हसले. तुझ्यावर चिडलेली मी, तुला हवं होतं तशी, पोट धरून हसले.

पंखांचा आवाज माझ्या कानाजवळून गेला. वर बघेपर्यंत कावळा पिंडावर होता. घाई नाही, भीती नाही. निवांत खात होता.

घरी आल्यावर मी माझ्या रीतीनं तुझ्यासाठी दुआ मागितली. पण त्या दिवसापासून विचार करते आहे, हे तुला कसं ठाऊक होतं? तू आजारीही नव्हतीस तेव्हा. कधी वाटतं, तुला घरातली माणसं एवढी ओळखीची होती की कोण केव्हा काय बोलेल ते तू बसल्या जागी लिहू शकत होतीस, माझ्यासकट. चांगल्या लेखकाला येतं तसं. कधी तेवढ्यानं समाधान होत नाही. मग मला घड्याळ आठवतं आणि मी दिवा लावून बसते.

परवा गणपतरावांकडं साहेबांचं पत्र आलं, त्यांनी ते तुझ्या कागदांसकट माझ्याकडं आणून दिलं. हळहळ व्यक्त केली आहे. पुढं म्हटलं आहे की 'कावळा' त्यांना करायचा आहे, बाईंचे कागद असतील ते पाठवून द्यावेत, शेवट ते स्वतःच लिहितील. नावाचा उल्लेख नाही. वाचून माझ्या तोंडात तुझीच एक शिवी आली, भाज्याची.

काल इन्स्टिट्यूटमध्ये तुझंच एक जुनं प्रहसन पुन्हा दाखवलं. गणपतराव हौसाकाकीला घेऊन आले होते, मीही गेले. हॉल हसत होता. शेवटी साहेबांचं नाव आलं, आणि शेजारी बोटभर अंतरावर ती फिकट ओळ. मी चष्मा पुसून बघितलं. ती अक्षरं मला त्यांच्या नावापेक्षा कमी वाटली, बरीच कमी. पण लगेच चित्र बदललं आणि मी कुणाला बोलले नाही. हौसाकाकीला वाचता येत नाही, डोळेही अधू. तरी तिनं मला कोपरानं ढोसलं. "बाई, त्ये शेजारचं धुरकट कुनाचं नाव?"

"विमलचं," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं.

तिनं पडद्याकडं मान पुढं केली. म्हणाली, "मंग त्ये ठळक कवा व्हनार?"

मी सोमवारी मुंबईला जाते आहे, विमल. एकटीच, दाराजवळच्या स्टुलावर बसायला नाही. आधी नाव, मग शेवट, तुझीच अट. नाहीच म्हणाले तर कागद परत आणीन आणि पुढल्या गौरीला भाज्याच्या बायकांना देईन. दार उघडं ठेवून करायला सांगीन, आणि सुरुवातीला मी स्वतः उभी राहून म्हणेन, लेखन, विमल ढमाले. नदीवर दिलेलं वचन आहे, कावळ्यानं मागितलं नसलं तरी.

शेवट मी लिहून काढला आहे, झाला तसाच. छत्रीवाल्या बाईला संवाद दिला आहे. काल रात्रीपासून ते कागद टेबलावर आहेत, आणि सकाळी त्यांच्यावर पेन्सिल पडलेली होती. माझीच असेल. एक सांगते, शेवट आवडला नसेल तर सांगायला ये. माझी ना नाही. पण बये, दिवसाउजेडी ये.